आधीच वाजलेलं : बंद पडलेले जाझ सेट आणि किल्लारीची एक कॅसेट

१

माझ्याजवळ नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या एका बाजूला सत्तावीस मिनिटं आमच्या गावच्या बँड पार्टीची तालीम आहे. १९८९ च्या लग्नसराईआधी ती मीच भरली. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं आणि गावात रेडिओ-टेप दुरुस्तीचं टेबल मांडून मी बसलो होतो. दुरुस्तीला आलेल्या एका टेपचं हेड बदललं, ते नीट चालतं का हे बघायला म्हणून टेप उचलून तालमीच्या घरी नेला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवला. हेतू एवढाच होता. त्यात क्लॅरिओनेट आहे, ट्रम्पेट आहे आणि या सगळ्यांच्या मागे एक जाझ सेट आहे. ड्रमच्या संचाला आमच्याकडे जाझ सेट किंवा नुसतं जाझ म्हणत. जाझ नावाचं संगीत जगात आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं घरी येऊन नुकती झोपली होती. तालमीचं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकूड आणि हातभर माती. ते बसलं. कॅसेटवर ज्यांचं वाजवणं ऐकू येतं त्यांतले दोघे त्या पहाटे गेले. क्लॅरिओनेटवाले त्यांपैकी एक. जाझ वाजवणारे मामा मिरवणुकीहून परत आल्यावर अंगणातच आडवे झाले होते, म्हणून राहिले. जाझ सेट आत होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामांचे ठेके नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावेत असं मनात आलं. मामांनी सत्तरी ओलांडली होती. मी त्यांना लातूरला एका स्टुडिओत घेऊन गेलो. तिथल्या मुलाने आदराने बसवलं, चहा दिला, समोर रबरी पॅड मांडले आणि कानाला हेडफोन लावला. पॅडवर काडी मारली की संगणकातून ड्रमचा आवाज येई. तो आवाज परदेशातल्या एका उत्तम खोलीत, उत्तम सेटवर, उत्तम माइक लावून घेतलेला होता. मामांनी पाच-सात मिनिटं वाजवलं आणि काड्या खाली ठेवल्या. म्हणाले, "हे वाजना गेलंय बाळा. हे आधीच वाजून ठिवलंय."

हा लेख त्या वाक्यापासून सुरू होतो. मामांना नेमकं काय खटकलं? कॅसेटवरचा सेट कोणता होता, आणि तसा सेट पुन्हा मिळाला तर तो आवाज मिळेल का? जुन्या, बनणं बंद झालेल्या ड्रम सेटांमागे जगभरचे ध्वनिमुद्रक लागलेले असतात. त्यांच्या त्या प्रेमात ऐकण्याजोगं किती आणि मिरवण्याजोगं किती? या प्रश्नांच्या मागे मी काही वर्षं फिरलो. जे हाती लागलं ते मांडतो.

२

ड्रम सेट हे एक वाद्य नव्हे. अनेक माणसांची कामं एका माणसावर लादण्याची ती युक्ती आहे. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, साइड ड्रम दुसऱ्याच्या, झांज तिसऱ्याच्या हातात. नाटकघरात आणि नाचघरात एवढी माणसं बसवायला जागा नसे आणि पैसेही नसत. शिकागोच्या विल्यम आणि थिओबाल्ड लुडविग या भावांनी १९०९ मध्ये मोठा ढोल पायाने वाजवायच्या पेडलाचा धंदा सुरू केला, आणि तिघांचं काम एकट्याने करायची वाट मोकळी झाली. १९२० च्या दशकात पायाने मिटणारी झांजेची जोडी, म्हणजे हायहॅट, आली. १९३० च्या दशकात स्लिंगरलँड कंपनीचा 'रेडिओ किंग' आला आणि जीन क्रुपा या वादकाने तो जगाला ऐकवला. त्याच्या साइड ड्रमचं खोड मेपलची एकच फळी वाफेवर वाकवून केलेलं असे. तबला-ढोलकीच्या लाकडी अंगाला आपण खोड म्हणतो. तोच शब्द मी इथे वापरतो, कारण इंग्रजीतल्या 'शेल'पेक्षा तो खरा आहे.

इंग्लंडची प्रीमियर कंपनी १९२२ मध्ये लंडनमध्ये निघाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, तिच्या कारखान्यावर बाँब पडला आणि कारखाना लेस्टरच्या बाजूला हलला. इंग्रजी अमलामुळे आपल्याकडचे वादक इंग्रजी मालाला सरावलेले होते. स्वातंत्र्यानंतर परवान्यांचा काळ आला. परदेशी वाद्य आणणं सोपं राहिलं नाही. त्यामुळे आलेला सेट टिकवायचा, फुटला तर इथलाच भाग जोडायचा, वादक थकला की दुसऱ्याला विकायचा, अशी रीत पडली. मुंबईच्या हॉटेलातला सेट पुण्या-सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात, तिथून सर्कशीत किंवा बँड पार्टीत, असा उतरत उतरत येई. दुसरीकडून देशी माल येई. मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं बनवणाऱ्यांची वस्तीच आहे. तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ पासूनची.

मामांना सेटचं नाव सांगता येईना. त्यांना तीन गोष्टी आठवत होत्या. सेट सोलापूरहून जुना घेतला होता. छोट्या ढोलांवर लाल चकाकीचं वेष्टण आणि पोटावर पितळी बिल्ला होता. आणि मोठा ढोल "त्यातला नव्हताच, मागनं जोडलेला." म्हणजे आमच्या गावाने ज्याला 'सेट' म्हटलं तो कोणत्याही कंपनीच्या यादीत कधीच नव्हता. तो रस्त्यात जुळत गेला होता.

जुन्या सेटांच्या शौकिनांना 'अस्सल' संच हवा असतो. एकाच कारखान्याचा, एकाच सालचा, एकाच रंगाचा, एकही खिळा न बदललेला. त्यांच्या फूटपट्टीने आमचा सेट म्हणजे भंगार. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी दोन-तीन पिढ्या जे ड्रम ऐकले ते बहुतांशी असलेच जोडजमावाचे. आपल्याकडच्या जुन्या सेटांचा इतिहास लिहायचा तर शुद्ध कुळाचा हट्ट पहिल्याच पानावर सोडावा लागतो.

३

जुन्या सेटचा आवाज निराळा लागतो, हे खरं आहे का? खरं आहे. त्याची कारणं गूढ नाहीत, मोजता येण्याजोगी आहेत.

पहिलं कारण कातडं. १९५० च्या दशकापर्यंत जगातले सगळे ड्रम कातड्याचेच होते, बहुधा वासराच्या. पॉलिस्टरची पातळ फिल्म बाजारात आल्यावर अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी तिची पानं केली आणि १९५७ च्या सुमारास ती विक्रीला आली. रेमोने आपल्या पानांना 'वेदर किंग' हे नाव दिलं, त्यातच सगळं आलं. कातडं हवा पितं. पावसाळ्यात सैल पडतं, उन्हात ताणतं. हलगीवाला वाजवण्याआधी शेकोटीवर हलगी का शेकतो हे मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. प्लास्टिकला ही भानगड नाही. मात्र कातडं तंतूंचं असतं आणि त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे घाव पडल्यावर उठणारे वरचे बारीक, टोचणारे स्वर ते लवकर गिळतं. प्लास्टिकचं पान ते स्वर जपतं, म्हणून ते लख्ख आणि थोडं कर्कश लागतं.

गोल ताणलेल्या पडद्याचे स्वर मुळात एकमेकांशी जुळत नाहीत. पायाचा स्वर १ धरला तर पुढचे सुमारे १.५९, २.१४, २.३० असे येतात. तारेसारखे २, ३, ४ असे सरळ पटीत येत नाहीत. म्हणून ड्रममधून स्वर निघण्याऐवजी नाद निघतो. तबला-मृदंगाच्या शाईने हा बेबनाव कसा मिटवला ते सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर. मधोमध चढवलेल्या शाईच्या वजनाने वरचे स्वर सरळ पटीच्या जवळ येतात आणि चामड्यातून सूर निघतो. पाश्चात्त्य ड्रमला शाई नाही. तिथे सूर जुळवणं शक्य नसल्याने नको ते स्वर दाबणं, हीच कारागिरी. जुन्या सेटचं सौंदर्य या दाबण्यात आहे.

दुसरं कारण खोड आणि त्याची कड. जुनी खोडं पातळ असत. लाकडाचे दोन-तीन थर आणि आकार टिकावा म्हणून आतून कडांना लाकडी पट्ट्या. कातडं जिथे टेकतं ती कड गोलसर असे. गोल कडेवर पान जास्त जागेवर टेकतं, म्हणून आवाज लवकर मिटतो. नंतरच्या काळात कड धारदार झाली. पान सुताएवढ्या रेषेवर टेकायला लागलं, आवाज लांबला, वरचे स्वर वाढले. मोठ्या मैदानावर हे उपयोगी आहे. माइक एक हातावर असताना मात्र तो लांबलेला आवाज पुढच्या ठोक्यावर सांडतो.

याचा अर्थ जुनं ते चांगलं असा नाही. धारदार कडेच्या ड्रमवर जे काम होतं ते गोल कडेवर होत नाही. उलटही खरं. जुना सेट घेणारा माणूस लवकर मिटणारा, थोडा जाड, गायकाला जागा सोडणारा आवाज घेत असतो. तो गाण्याला हवा असेल तर सेट मोलाचा. नाहीतर ते नुसतं दिवाणखान्यातलं फर्निचर.

४

हा आवाज आपल्या कानांनी सर्वांत जास्त ऐकला तो हिंदी सिनेमात. त्याची सुरुवात सांगताना एका मराठी माणसाचं नाव आधी घ्यावं लागतं. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ चा. त्यातल्या तालवाद्यांत बोंगोसारखी लॅटिन वाद्यं आहेत, आणि ती वाद्यं मुंबईच्या सिनेसंगीतात रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड हे पारशी वादक आघाडीवर होते. त्यांचे पुत्र केर्सी आणि बुर्जोर, म्हणजे बुजी, हेही पुढे याच क्षेत्रात नावाजले. गोव्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याच वर्तुळातले. एक पुणतांब्याचा, एक गोव्याचा, एक पारशी : बँड पार्टीचीच ही मोठी आवृत्ती होती.

पंधरा वर्षांनी, १९६६ मध्ये, 'तीसरी मंझिल' आला. शम्मी कपूर त्यात ड्रमवादक झाला आहे. पडद्यावर जाझ सेट नायकाचं वाद्य झालं, ढोल बडवणारा मागचा माणूस पुढे आला. ध्वनिमुद्रणात ड्रम लेस्ली गोदिन्हो यांचे. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात पुढे फ्रँको वाझ आले. याच ताफ्यात मारुतीराव कीर तबल्यावर होते, हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये.

ही ध्वनिमुद्रणं आजच्या कानांनी ऐकताना एक चूक होते. त्यांतला ड्रमचा आवाज आपण सेटच्या नावावर जमा करतो. पण तेव्हा वादक, कोरस आणि गायक एकाच वेळी, एकाच सभागृहात असत. माइक मोजके. कुणी चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. ड्रमवाला जोराने वाजवायला लागला की त्याचा आवाज व्हायोलिनच्या माइकात शिरे आणि तिथून काढता येत नसे. म्हणून त्याला आडोशामागे बसवत आणि तो स्वतःच हात आवरता ठेवी. ते ड्रम गोड लागतात त्यात कातड्याचा वाटा आहे, लाकडाचा आहे, पण मोठा वाटा या आवरलेल्या हाताचा आहे. समोर गायक उभा आहे हे माहीत असलेला हात. आज ड्रमवाला काचेपलीकडे एकटा असतो, किंवा नसतोच. जुना सेट विकत घेता येतो. तो आवरलेला हात विकत मिळत नाही.

ते हात नोंदलेही गेले नाहीत. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. वादकाचं नाव नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००५ मध्ये भारतीय बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' आणि २००८ मध्ये मुंबईच्या सिनेवादकांवर 'बिहाइंड द कर्टन' लिहिलं. हे काम करायला बाहेरून माणूस यावा लागला, ही आपल्या समीक्षेची उणीव आहे. आपण गाण्याच्या शब्दांवर, रागावर, गळ्यावर ग्रंथ लिहिले. ठेका कोणी धरला ते विचारलं नाही.

५

बंद पडलेल्या वाद्याला पुन्हा भाव का येतो? तीन उदाहरणं बघू.

रोलंड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये निघालं आणि १९८३ मध्ये बंद झालं. सुमारे १२,००० नग बनले. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही, अशी तक्रार होती. तक्रार बरोबरच होती. पण बंद पडल्यावर ते सेकंडहँड बाजारात स्वस्त झालं, अमेरिकेतल्या पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागलं आणि त्यांनी त्या खोट्या आवाजातून नवं संगीत उभं केलं. आपल्या मुंबईत चरणजितसिंग यांनी हेच यंत्र वापरून १९८२ मध्ये रागांवर डिस्को तालाची एक तबकडी काढली. ती चालली नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

दुसरं उदाहरण यामाहाच्या रेकॉर्डिंग कस्टमचं. वायडी-९००० या नावाने १९७५ मध्ये हा सेट निघाला. खोड बर्चचं. बर्चमध्ये मधले स्वर जरा मागे राहतात आणि घावाची धार व खालचा गुंजारव पुढे येतो. स्टुडिओत नंतर बटणं फिरवून जे करायचं ते लाकूडच करून देतं, म्हणून ध्वनिमुद्रकांनी तो उचलून धरला. स्टीव्ह गॅड या वादकाशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. पुढे तो बंद झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने गॅड यांनाच सोबत घेऊन नव्या रूपात पुन्हा काढला. आता जुन्याचे चाहते म्हणतात, नव्यात ती गोष्ट नाही. असेलही. पण जुन्याच्या लाकडात आणि आताच्या कानात चाळीस वर्षांचा फरक आहे, आणि यातला कोणता फरक ऐकू येतो हे कुणीही डोळे बांधून तपासत नाही.

तिसरं उदाहरण घरचं. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा. आठ रबरी चौकोन. त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तारेने दुसऱ्या यंत्राला जोडला तरच बोले. नंतरच्या पॅडमध्ये आवाज भरून येऊ लागले आणि मराठी ऑर्केस्ट्रातून जाझ सेट हळूहळू उठला. टेम्पोत जागा कमी लागते, माइक लागत नाहीत, पाऊस आला तरी आवाज उतरत नाही. वाहतुकीचा खर्च भरणाऱ्याला हे कळतं. ऑक्टोपॅडला नावं ठेवणं मला पटत नाही. त्याच्यावर वाढलेल्या वादकांनी हाताची स्वतःची भाषा केली आहे, आणि उद्या कुणी पहिल्या ऑक्टोपॅडच्या शोधात फिरेल तेव्हा तो माझ्यासारखाच वागेल.

या तिन्हींत एक समान सूत्र दिसतं. वाद्य बाजारातून उठलं की ते दोन रस्त्यांनी जातं. एक रस्ता काचेच्या कपाटाकडे, दुसरा गरजूच्या हाताकडे. पहिल्याने किंमत वाढते, दुसऱ्याने संगीत वाढतं. सोलापूरहून आमच्या गावी आलेला तो जोडजमावाचा सेट दुसऱ्या रस्त्याने आला होता.

आता मामांच्या वाक्याकडे येतो. नमुन्यांच्या ड्रममध्ये दोष काय? आवाज खरा असतो, खोली खरी असते, काही संचांत तर नेमके जुने सेटच नोंदलेले असतात. पण त्यात प्रत्येक घावाचा शेवट आधीच ठरलेला असतो. खऱ्या ड्रमवर पहिला घाव अजून थरथरत असताना दुसरा पडतो आणि दोघांचं काहीतरी तिसरं होतं. कातडं तापतं, काडी घसरते, मोठ्या ढोलाच्या धक्क्याने साइड ड्रमच्या खालच्या तारा आपोआप झणझणतात. वादक हे ऐकत ऐकत पुढचा घाव ठरवतो. "आधीच वाजून ठिवलंय" याचा अर्थ माझ्या मते हा. आपण विचारायच्या आधीच उत्तर तयार आहे, मग वाजवायचं कशाला?

६

शेवटी सोलापुरातच एका विसर्जित ऑर्केस्ट्राच्या गोदामात पोत्यांखाली काही भाग मिळाले. दोन टॉम प्रीमियरचे, बिल्ला शाबूत, वेष्टण एके काळी लाल असावं असं. मोठा ढोल दुसऱ्याच घराण्याचा. आमचा पुरलेला सेट हा नव्हे. त्याचा भाऊ म्हणता येईल.

घरी आणल्यावर बाजारातली पानं टॉमवर बसेनात. नंतर कळलं की १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रीमियरच्या टॉमचं माप अमेरिकी मापापेक्षा किंचित मोठं असे. पुढे कंपनीने जगाचं माप स्वीकारलं. जुन्या वाद्याची खरी अडचण ही असते. वाद्य असतं, पण त्याच्याभोवतीचं जग उठून गेलेलं असतं.

मी ढोलकी-हलगी मढवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने असला ढोल कधी मढवला नव्हता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो कोणत्याही शौकिनाने मला विचारला नव्हता : "वाजिवणार कोण, आणि हात जड हाय का हलका?" मग कातडं भिजवलं, लाकडी कड्यावर दुमडून चढवलं, सावलीत वाळवलं. दोन दिवस लागले. बिल्ल्याची, लाकडाची, सालाची चर्चा करणारे आपण कातडं कमावणाऱ्या आणि मढवणाऱ्या हातांबद्दल गप्प असतो, कारण ते हात कोणत्या वस्तीतले आहेत हे आपल्याला माहीत असतं. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्यांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० मध्ये लिहून दक्षिणेत हा प्रश्न उघडा केला. हलगी, संबळ, ढोलकी यांच्या कारागिरांवर मराठीत असं पुस्तक यायला हवं.

ध्वनिमुद्रण नव्या किल्लारीत केलं, पुनर्वसनातल्या घरात. पहिला घाव पडला आणि खोली किंचाळली. सिमेंटच्या भिंती, वर सिमेंट. आवाज इकडून तिकडे आपटत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅसेटवरचा तो जाड, मिटलेला, जवळचा आवाज बराचसा त्या माळवदाचा होता. मातीच्या रुंद भिंती आणि लाकूड-मातीचं छत आवाज पिऊन टाकायचं. देवळीत ठेवलेल्या एका टेपला यापेक्षा चांगली खोली मिळाली नसती. आणि त्याच भिंतींनी, त्याच छताने आमची माणसं मारली.

इथे माझी समीक्षा अडखळली, आणि ती अडखळली हे मी लपवत नाही. जुना आवाज हवा असं म्हणताना तो कोणत्या छताखाली होता हे सोडून देता येत नाही. ती खोली कुणी पुन्हा बांधून दिली तर मी तिच्यात झोपणार नाही, कुणाला झोपू देणार नाही. पुनर्वसनातल्या घरात आवाज घुमतो, पण पहाटे छताकडे बघून दचकायला होत नाही. जुन्या वस्तूंच्या प्रेमात पडलेल्या सगळ्यांना मी एवढंच विचारतो की तुमच्या आवडत्या आवाजाची किंमत तेव्हा कोण मोजत होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मुंबईचा निनावी वादक, कातडं कमावणारा, माळवदाखाली झोपलेला, यांतलं कुणीतरी मोजत असतं.

मग आम्ही चार वाकळा दोरीवर टांगल्या. भिंतीला कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. मामांनी टॉमचं कातडं माझ्या मते फारच सैल करायला लावलं. कानाला वाईट वाटत होतं. वाजायला लागल्यावर बरोबर वाटलं. मोजून दोन माइक लावले.

मामांनी चाळीस मिनिटं वाजवलं. आवाज कॅसेटसारखा आला नाही. कॅसेटपेक्षा स्वच्छ आला आणि थोडा परका. सेट शोधला की आवाज सापडेल या माझ्या समजुतीचं उत्तर एवढंच. पण हात आला. स्टुडिओत पाच-सात मिनिटांत काड्या खाली ठेवणारा माणूस इथे थांबायला तयार नव्हता. कातडं त्याला काहीतरी सांगत होतं आणि तो त्याला उत्तर देत होता. जुन्या सेटचं मोल माझ्यापुरतं इथे ठरलं. जुन्या वादकाच्या हातातलं जे नव्या वाद्यावर उतरत नाही, ते त्याच्या वाद्यावर उतरतं. त्यासाठी ते वाद्य जपायचं आणि त्यासाठीच वाजतं ठेवायचं.

एक जागा मात्र सांगितली पाहिजे. वरातीच्या एका ठेक्यात मामा दर चौथ्या आवर्तनाला थांबत. काडी वर, अर्धा श्वास, मग ठोका. मला ती वयाची चूक वाटली. घरी कॅसेट लावून शेजारी ऐकलं तेव्हा उलगडलं. तिथे क्लॅरिओनेटची फिरकी येते. ती वाजवणारे १९९३ साली गेले. मामा अजून त्यांना जागा देतात.

ते ध्वनिमुद्रण संगणकावर घेतल्यावर मदतीला आलेल्या एका मुलाने विचारलं, "काका, इथे ताल हलतोय, सरळ करून देऊ का?" एका बटणाचं काम होतं. मी नको म्हणालो. त्या ध्वनिमुद्रणासोबत मी एक कागद ठेवला आहे. त्यावर तारीख, खोली, वाकळा आणि पेंढ्या, टॉमचं माप, कातडं कुणी चढवलं त्याचं नाव, वाजवलं कुणी त्याचं नाव, आणि ही थांबण्याची जागा कुणासाठी आहे त्यांचंही नाव लिहिलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यात बँडवाल्यांच्या माळ्यावर असे ढोल पडून आहेत आणि ते वाजवणारे काही अजून आहेत. सेट मिळाला नाही तरी चालेल, पण हा कागद आधी लिहून घ्यावा.